येलोस्टोन सरोवराकाठी आरव्हीत राहायला जाताना : फिशिंग ब्रिजचा पहिला मुक्काम

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडे भारतातून आई-वडील आले की उन्हाळ्यात येलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा बेत बहुधा ठरतोच. हॉटेलच्या खोलीत वरणभाताची सोय होत नाही, रोज सामान बांधून नव्या गावी जाणे ज्येष्ठांना झेपत नाही, म्हणून आरव्ही, म्हणजे चाकांवरचे घर, भाड्याने घेण्याचा विचार पुढे येतो. आम्ही असाच विचार करून येलोस्टोन सरोवराच्या उत्तर टोकाला असलेल्या फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये दोनदा राहिलो : एकदा जूनमध्ये, साताऱ्याहून आलेल्या आई-बाबांबरोबर, आणि दुसऱ्यांदा सप्टेंबरमध्ये. पहिल्या खेपेला ज्या गोष्टी कोणीच सांगितल्या नव्हत्या, त्या तुम्हाला आधीच माहीत असाव्यात यासाठी हा लेख लिहीत आहे.

एक गोष्ट सर्वांत आधी मनाशी पक्की करा. आरव्हीत तुम्ही पाहुणे नसता. वीज जोडणे, पाणी भरणे, सांडपाणी सोडणे, रात्री नळी गोठू न देणे ही सगळी घरधन्याची कामे तुमचीच असतात. ती दिवसाउजेडी आणि ठरलेल्या क्रमाने केली तर फार सोपी आहेत. अंधारात, भुकेल्या मुलांच्या घाईत, क्रम सोडून केली तर त्याच कामांनी सुट्टीचा पहिला दिवस खराब होतो.

१. ही जागा तुमच्यासाठी योग्य आहे का, ते तपासा

येलोस्टोन उद्यानाच्या हद्दीतील अनेक कॅम्पग्राउंडांपैकी वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्हींची जोडणी प्रत्येक जागेवर देणारे हे एकच आहे. अशा जोडणीला तिकडे फुल हुकअप म्हणतात. शॉवर आणि कपडे धुण्याची यंत्रेही आवारातच आहेत. ज्येष्ठ मंडळी किंवा लहान मुले बरोबर असतील तर या सोयींची किंमत तिथे गेल्यावरच कळते.

मात्र तीन गोष्टींची आधीच कल्पना असू द्या. पहिली म्हणजे येथे फक्त टणक भिंतींच्या गाड्यांनाच प्रवेश आहे. तंबू चालत नाही, आणि कापडी बाजू उघडणारा पॉप-अप ट्रेलरही चालत नाही, कारण हा परिसर ग्रिझली अस्वलांच्या नित्याच्या वावराचा आहे. दुसरी म्हणजे येथे शेकोटी पेटवता येत नाही. शेकोटीभोवती गप्पांचे चित्र मनात असेल तर पाच-सहा किलोमीटरवरचे ब्रिज बे किंवा दक्षिणेकडचे ग्रँट व्हिलेज बघा. तिथे शेकोटी आहे, पण गाडीला हुकअप नाही. तिसरी, आणि बहुतेकांचा हिरमोड करणारी गोष्ट म्हणजे जागेवरून सरोवर दिसत नाही. गाड्या लॉजपोल पाइनच्या झाडांमध्ये उभ्या असतात आणि पाण्यापर्यंत चालत जावे लागते. आम्हाला स्वतःला याचे दुःख झाले नाही, कारण सरोवरावरून येणारा बोचरा वारा त्या झाडांमुळे बराच अडतो.

उंचीचाही विचार करा. हा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ७,८०० फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही सुमारे २,४०० फूट उंच. पहिल्या दिवशी धाप लागणे, डोके जड होणे, झोप नीट न लागणे हे अनेकांना होते. रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधे सुरू असतील तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला आणि पहिला दिवस मोकळा ठेवा.

२. आरक्षण करा, आणि गाडीची लांबी खरी सांगा

हे कॅम्पग्राउंड साधारण मे महिन्यात उघडते आणि ऑक्टोबरच्या पूर्वार्धात बंद होते. नेमक्या तारखा दरवर्षी बदलतात. व्यवस्था उद्यानातील लॉज चालवणाऱ्या येलोस्टोन नॅशनल पार्क लॉजेस यांच्याकडे असल्यामुळे आरक्षण त्यांच्याच संकेतस्थळावर करावे लागते. अनेक जण रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी आरक्षण-संकेतस्थळावर शोधत बसतात आणि तिथे हे नाव दिसत नाही म्हणून जागा संपल्या असे समजतात. तिथे उद्यान प्रशासन स्वतः चालवत असलेली कॅम्पग्राउंडे असतात, हे नाही.

आरक्षण दर महिन्याच्या ५ तारखेला पुढील वर्षाच्या त्याच संपूर्ण महिन्यासाठी खुले होते. म्हणजे पुढच्या जुलैत जायचे असेल तर या वर्षीच्या ५ जुलैला बसावे लागते. जुलै आणि ऑगस्टच्या जागा फार लवकर भरतात. ती तारीख हुकली तरी आशा सोडू नका. लोक बेत रद्द करत असतात, आणि रोज सकाळ-संध्याकाळ पाहणाऱ्याला जागा मिळते. आमचा सप्टेंबरचा मुक्काम असाच, कोणीतरी सोडलेल्या तीन रात्रींमधून मिळाला.

आरक्षण करताना गाडीची लांबी विचारतात, आणि येथेच आमची पहिली चूक झाली. आम्ही मोटरहोमची लांबी लिहिली, पण मागे ओढून आणायच्या लहान मोटारीची लिहिली नाही. जागेवर पोहोचल्यावर मोटारीचे नाक रस्त्यावर येऊ लागले. कर्मचाऱ्यांनी शांतपणे दुसरीकडे मोटार लावायला सांगितले आणि त्या गोंधळात तासभर गेला. गाडी, तिच्या मागचे शिडी-सायकलचे स्टँड, आणि ओढायचे वाहन किंवा ट्रेलर या सगळ्यांची मिळून लांबी सांगा. भाड्याची गाडी अजून ठरली नसेल तर ज्या प्रकारातली घेणार आहात त्यातली सर्वांत लांब धरा.

३. गाडी भाड्याने घ्या

पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी क्लास सी प्रकारातील, २५ फुटांच्या आसपासची मोटरहोम घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली ही गाडी चार-पाच जणांना पुरते आणि चालवायला मोठ्या व्हॅनसारखी वाटते. बसएवढी क्लास ए गाडी पहिल्या खेपेला घेऊ नका. उद्यानातील रस्ते अरुंद आहेत आणि गरम पाण्याच्या झऱ्यांजवळचे वाहनतळ त्याहून लहान. अशा भाड्याच्या गाडीसाठी अमेरिकेतील नेहमीचा वाहन परवाना बहुधा पुरतो. भारतीय परवान्यावर चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून आणा आणि तो चालेल का, हे गाडीच्या मालकाकडून लेखी घ्या.

भाड्याच्या आकड्यावर जाऊ नका. मैलांचे शुल्क, जनरेटरच्या तासांचे शुल्क, विमा, भांडी-अंथरुणांचा संच आणि शेवटी साफसफाईचे शुल्क मिळून रक्कम बरीच वाढते. इंधनही हिशेबात धरा : अशी गाडी एका गॅलनला आठ ते दहा मैल जाते.

गाडी ताब्यात घेताना एक तास राखून ठेवा आणि प्रत्येक वस्तू समोर चालवून दाखवायला सांगा. गाडी गरम ठेवणारी भट्टी पेटते का, फ्रिज गॅसवर आणि विजेवर दोन्हींवर चालतो का, पाण्याचा पंप आवाज करतो का, सांडपाण्याची नळी फाटलेली नाही ना, हे बघा. ज्यांच्याकडून आम्ही पहिली गाडी घेतली त्यांनी सांडपाण्याच्या नळीचे कोपऱ्याचे जोडपीस दिलेच नव्हते आणि ते आम्हाला जागेवर, हातमोजे घातल्यानंतर कळले. सगळे फिरवून दाखवले जात असताना मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवा. रात्री कोणता खटका कशाचा, हे आठवत नाही.

४. कागदपत्रे आणि साहित्य जमवा

कागदपत्रे : आरक्षणाची पावती, चालकाचा परवाना, गाडीचा भाडेकरार, विम्याचे कागद, उद्यानाचा प्रवेश पास आणि सर्वांची सरकारी ओळखपत्रे. पावती फोनमध्ये उतरवून आणि छापूनही ठेवा, कारण उद्यानाच्या बऱ्याच भागात मोबाइलला रेंज नसते. नकाशेही घरूनच उतरवून घ्या.

प्रवेशशुल्काबाबत भारतातून येणाऱ्या पाहुण्यांनी विशेष लक्ष द्यावे. एका खासगी वाहनाला सात दिवसांसाठी ३५ डॉलर पडतात. अमेरिकेतील रहिवाशांसाठी सर्व राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास ८० डॉलरचा आहे. मात्र २०२६ च्या सुरुवातीपासून अनिवासी पर्यटकांसाठी वार्षिक पास २५० डॉलरचा झाला असून, तो नसल्यास येलोस्टोनसह ११ उद्यानांत १६ वर्षे व त्यावरील प्रत्येक अनिवासी व्यक्तीमागे १०० डॉलर वेगळे द्यावे लागतात. आई-बाबांची तिकिटे काढतानाच हा हिशेब करा. निघण्यापूर्वी उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या वर्षीचे नियम एकदा वाचून घ्या.

साहित्य, म्हणजे गाडीत आहे याची खात्री करण्याच्या किंवा स्वतः विकत घेण्याच्या वस्तू :
– पिण्याच्या पाण्यासाठीची पांढरी नळी, आणि नळाला लावायचा पितळी दाब-नियंत्रक
– सांडपाण्याची नळी, तिचे कोपऱ्याचे जोडपीस, आणि एकदा वापरून टाकून द्यायच्या हातमोज्यांचा पूर्ण डबा
– ५० ॲम्पच्या खांबावर ३० ॲम्पची गाडी जोडण्याचा अडॅप्टर, आणि विजेच्या चढउतारापासून वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर
– गाडी समतल करायचे ठोकळे, चाकांना लावायच्या पाचरी, आणि लहान पाणसळ
– डोक्याला बांधायचा दिवा
– कुकर, तो का, ते पुढे सांगितले आहे
– जाड पांघरुणे आणि कानटोप्या, अगदी जुलैत गेलात तरी
– बेअर स्प्रे, म्हणजे अंगावर येणाऱ्या अस्वलावर मारायचा फवारा

शेवटच्या वस्तूबद्दल सांगायचे तर बेअर स्प्रे विमानात नेता येत नाही, हातातल्या सामानात नाही आणि खाली देण्याच्या सामानातही नाही. तो बोझमन किंवा कोडी या उद्यानाबाहेरच्या गावांत किंवा उद्यानातल्या दुकानातून घ्या, आणि तो झाकणातून काढून नेम धरण्याचा सराव गाडीबाहेर उभे राहून, न फवारता, दोन-तीनदा करा. पिशवीच्या तळाशी ठेवलेला स्प्रे काही कामाचा नाही.

५. दिवस मावळण्यापूर्वी पोहोचा

फिशिंग ब्रिज पूर्वेच्या प्रवेशद्वारापासून २७ मैलांवर आहे; त्याआधी कोडी गावापासून त्या द्वारापर्यंत आणखी ५० मैलांहून थोडे जास्त. वाटेत सुमारे ८,५०० फुटांवरची सिल्वन खिंड लागते. दक्षिण द्वारातून सुमारे ४३ मैल आणि पश्चिम द्वारातून, नॉरिस आणि कॅन्यनमार्गे, सुमारे ५६ मैल पडतात. आकडे लहान दिसतात, पण उद्यानातील कमाल वेग ताशी ४५ मैल आहे आणि हेडन खोऱ्यात गव्यांचा, म्हणजे अमेरिकी बायसनचा, कळप रस्त्यावर उतरला तर अर्धा तास सहज थांबावे लागते. नकाशा सांगेल त्या वेळेला दीडपट धरा. गवे दिसताच गाडी रस्त्याच्या मध्येच थांबवणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही थांबायच्या जागेतच थांबा.

किराणा बाहेरच्या गावात भरा. उद्यानातील जनरल स्टोअरमध्ये दूध, ब्रेड, कांदे-बटाटे मिळतील, पण कोथिंबीर, हिरव्या मिरच्या किंवा तूरडाळ मिळेल या भरवशावर राहू नका. पेट्रोल पंप फिशिंग ब्रिजलाच आहे. तरीही टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका.

६. जागेवर उभे राहिल्यावर हा क्रम सोडू नका

गाडी उभी करताना एक जण मागे, आरशात दिसेल असा उभा असावा. पाणी, वीज आणि सांडपाण्याचे तोंड गाडीच्या डाव्या बाजूला असतात, त्यामुळे जोडण्यांचे खांब चालकाच्या बाजूला येतील असे पाहा आणि नळ्या पुरतील इतपत मागेपुढे करा.

आधी गाडी समतल करा. जमीन डोळ्यांना सपाट दिसली तरी पाणसळ ठेवा. कललेल्या गाडीत गॅसवर चालणारा फ्रिज नीट थंड होत नाही आणि रात्री डोक्याकडे रक्त उतरल्यासारखे वाटते. मग चाकांना पाचरी लावा. भिंत बाहेर सरकणारी स्लाइड-आउट असेल तर ती याच्या नंतरच, बाहेर झाड किंवा खांब नाही हे बघून, उघडा.

दुसरे काम विजेचे. खांबावरचा ब्रेकर बंद करा, सर्ज प्रोटेक्टर लावा, ब्रेकर चालू करून त्याचा दिवा ठीक दाखवतो आहे हे पाहा, ब्रेकर पुन्हा बंद करून गाडीची तार जोडा, आणि शेवटी ब्रेकर चालू करा. ३० ॲम्पची गाडी असेल तर एका वेळी साधारण ३,६०० वॉटच मिळतात. इंडक्शन शेगडी एकटीच १,८०० वॉट घेते, मायक्रोवेव्ह १,५०० च्या आसपास. त्यात कोणी हीटर लावला की वीज गेलीच. आपल्या घरात ‘आता गिझर लावला आहे, इस्त्री नको’ असे आई सांगते, तीच शिस्त येथे लागते. भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर येथील १२० व्होल्टवर चालणार नाही, तो आणू नका. ओली चटणी घरूनच वाटून, गोठवून आणा.

तिसरे पाण्याचे. नळाचे तोंड पुसून, आधी थोडे पाणी जाऊ देऊन, मग दाब-नियंत्रक आणि पांढरी नळी जोडा. नियंत्रकाशिवाय जोडल्यास गाडीतील प्लास्टिकचे सांधे सुटू शकतात. पाणी तापवायचे यंत्र टाकी भरल्याची खात्री झाल्यावरच चालू करा. गाडीतला गरम पाण्याचा नळ अखंड धार देऊ लागला की टाकी भरली असे समजावे. कोरड्या टाकीत विजेचे कॉइल काही क्षणांत जळते.

चौथे सांडपाण्याचे. त्याला वेगळाच परिच्छेद हवा.

७. टाक्या : ज्याबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही

आरव्हीला सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात. ग्रे टाकीत मोरी आणि बेसिनचे पाणी जाते, ब्लॅक टाकीत शौचालयाचे. दोन्हींना बाहेरून ओढायची वेगवेगळी झडप असते. नळी जोडलेलीच आहे म्हणून नवखे लोक दोन्ही झडपा उघड्या ठेवतात, आणि येथेच घोटाळा होतो : ब्लॅक टाकीतले पाणी लगेच वाहून जाते, घट्ट भाग तळाशी साचून वाळतो, आणि चौथ्या दिवशी काहीच बाहेर येत नाही. ब्लॅक टाकीची झडप बंदच ठेवा. टाकी दोन-तृतीयांश भरली की हातमोजे घालून आधी ब्लॅक पूर्ण सोडा, ती बंद करा, आणि मग ग्रे सोडा. ग्रे टाकीच्या साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुऊन निघते. सोडण्याच्या दिवशी ग्रे टाकीची झडपही आधी काही तास बंद ठेवून पाणी साठवा.

आपल्या घरांतील पाणी वापरण्याच्या सवयीबद्दल संकोच बाळगू नका. तांब्या किंवा हाताचा फवारा वापरला तर ब्लॅक टाकी लवकर भरते एवढेच. उलट जास्त पाण्याने टाकी स्वच्छ सुटते. कागद वापरणाऱ्यांनी मात्र आरव्हीसाठीचा लगेच विरघळणारा कागदच वापरावा. ओले पुसणी-कागद शौचालयात टाकू नका, पाकिटावर काहीही लिहिलेले असले तरी.

ग्रे टाकीचा खरा शत्रू आपला स्वयंपाक आहे. भाताची शिते, डाळीचा साका आणि फोडणीचे तेल बेसिनमधून गेले की थंड टाकीत तेल थिजते आणि शिते त्याला चिकटतात. ताटे-पातेली आधी कागदाने पुसून तो कागद कचऱ्यात टाका, मगच धुवा. आईने हे पहिल्याच रात्री ठरवून टाकले आणि पाच दिवसांत आम्हाला एकदाही तुंबल्याचा त्रास झाला नाही.

पिण्याच्या पाण्याची नळी सांडपाण्याच्या नळीबरोबर एका खणात ठेवू नका, आणि सांडपाण्याच्या नळीचे तोंड पिण्याच्या पाण्याच्या नळीने धुऊ नका. घाईत हे सहज होते.

८. स्वयंपाक आणि अस्वल

या उंचीवर पाणी साधारण ९२ अंश सेल्सिअसलाच उकळते. पातेल्यात तूरडाळ तासभर रटरटत ठेवली तरी ती दाताखाली लागते, तांदळाचेही तसेच. म्हणून कुकर हवाच, आणि नेहमीपेक्षा एक-दोन शिट्ट्या जास्त द्या. डाळ शिजवण्याआधी दोन तास भिजत घातली तर गॅसही वाचतो.

फोडणी देताना शेगडीवरचा पंखा चालू आणि खिडकी किलकिली उघडी हवी. छोट्याशा जागेत मिरचीचा धूर भरला की धूरसूचक यंत्र वाजू लागते. अशा वेळी त्याची बॅटरी काढून ठेवण्याचा मोह होतो. ती काढू नका. गॅसगळती आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखणारी यंत्रेही तशीच चालू राहिली पाहिजेत, कारण सगळे जण त्याच बंद डब्यात झोपणार असतात.

आता अस्वलांचे. फिशिंग ब्रिज ग्रिझलींच्या वाटेवर आहे. माशांच्या अंडी घालण्याच्या हंगामात आसपासच्या ओढ्यांवर ती येतात, आणि याच कारणाने शेजारचे जुने तंबूंचे कॅम्पग्राउंड बंद करून टाकण्यात आले. अस्वलाला एकदा माणसाच्या अन्नाची चटक लागली की ते धीट होत जाते आणि शेवटी बहुधा त्याला मारावे लागते. तुमच्या हातून राहिलेल्या एका ताटाची किंमत ते जनावर देते.

त्यामुळे खाऊन झाले की बाहेर काहीही ठेवू नका : ताट, तेलाची बाटली, रिकामा डबा, चिप्सचे पाकीट, कुत्र्याचे खाणे, दंतमंजन, अगदी बाहेर लावलेल्या उदबत्तीचे पाकीटही. वास येणारी प्रत्येक वस्तू टणक गाडीच्या आत, दारे-खिडक्या बंद करून. भांड्यांचे पाणी झाडाखाली ओतू नका. कचरा अस्वलाला उघडता न येणाऱ्या कुंडीतच टाका आणि तिची कडी बसल्याचा आवाज ऐका. कोकणातल्या मंडळींना एक विनंती : सुके बोंबील, जवळा, सोडे या प्रवासाला आणू नका. तो वास गाडीत आठवडाभर राहतो आणि बाहेर किती दूर जातो, हे आपल्याला कळत नाही.

अस्वले आणि लांडग्यांपासून किमान १०० यार्ड, गवे, एल्क हरणे आणि इतर प्राण्यांपासून किमान २५ यार्ड दूर राहण्याचा नियम आहे. तो कॅम्पग्राउंडमध्येही लागू असतो. दुसऱ्या सकाळी बाबांनी पडदा सारला तेव्हा खिडकीबाहेर, आमच्या पाण्याच्या खांबाशेजारी, एक गवा रवंथ करत बसला होता. त्याच्या खांद्यावर हिवाळ्यातली तांबूस लोकर अजून तुकड्यातुकड्यांनी लोंबत होती आणि श्वासाची वाफ दिसत होती. आम्ही दार न उघडता आतच चहा केला आणि तो आपणहून उठून जाईपर्यंत पाऊण तास बसून राहिलो. तुम्हीही असेच करा. गवा संथ दिसतो, पण माणसापेक्षा कितीतरी वेगाने धावतो.

९. रात्रीची थंडी

येथे कोणत्याही महिन्यात हिमवर्षाव होऊ शकतो, आणि जून व सप्टेंबरमध्ये पारा रात्री शून्याखाली जाणे नेहमीचे आहे. सप्टेंबरच्या मुक्कामात आम्ही नळी जोडलेलीच ठेवून झोपलो. सकाळी नळातून थेंब येईना. बाहेर जाऊन पाहिले तर पांढरी नळी काठीसारखी ताठ झाली होती आणि वाकवताच आत बर्फ करकरला. ऊन येईपर्यंत चहालाही पाणी नव्हते.

संध्याकाळीच गाडीची स्वच्छ पाण्याची टाकी भरून घ्या, मग नळी सोडून, रिकामी करून आत ठेवा आणि रात्री पंपावर चालवा. बेसिनखालची कपाटे उघडी ठेवा, म्हणजे भट्टीची ऊब नळांपर्यंत पोहोचते. भट्टी प्रोपेनवर चालते. मुक्कामाला येण्याआधी सिलिंडर भरलेले असावे. गॅसच्या शेगडीवर गाडी तापवण्याचा विचारही करू नका.

१०. सरोवराकाठचे दिवस

मोटरहोम हेच तुमचे एकमेव वाहन असेल तर कुठेही जाताना सगळ्या जोडण्या सोडून निघावे लागते. म्हणून सकाळी लवकर निघून दुपारी परत येणे आणि संध्याकाळ चालण्यासाठी राखणे आम्हाला सोयीचे वाटले. उत्तरेकडे सहा मैलांवर मड व्होल्कॅनो, त्यापुढे हेडन खोरे, सोळा मैलांवर कॅन्यन; दक्षिणेकडे एकवीस मैलांवर वेस्ट थंबचे गरम झरे, जे थेट सरोवराच्या काठावर, काही तर पाण्याखालीही आहेत. तेथे लाकडी वाटेवरून एक पाऊलही खाली टाकू नका. पांढरट दिसणारी जमीन म्हणजे उकळत्या पाण्यावरचा पातळ पापुद्रा असतो. मुलांचा हात धरून चाला.

गाडी न हलवता करण्यासारखे म्हणजे पुलापर्यंत चालत जाणे. येलोस्टोन नदी सरोवरातून जेथे बाहेर पडते तेथेच हा पूल आहे. एके काळी कठड्याला टेकून लोक गळ टाकून बसत. १९७३ पासून पुलावरून मासेमारीला बंदी आहे. आता लोक खाली बघत उभे राहतात, आणि जून-जुलैत स्वच्छ पाण्यात कटथ्रोट ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून स्थिर उभे असलेले दिसतात. जवळच १९३१ मध्ये दगड-लाकडात बांधलेले लहान संग्रहालय आहे. त्याच्या मागच्या दाराने उतरले की थेट सरोवराचा काठ लागतो. आई-बाबांचा सर्वाधिक वेळ तेथेच गेला.

इतरत्र मासेमारी करायची तर १६ वर्षे व त्यावरील व्यक्तीला उद्यानाचा परवाना लागतो. राज्याचा चालत नाही. मूळचा कटथ्रोट सापडल्यास पाण्यात सोडावा लागतो, तर १९९४ मध्ये येथे आढळलेला परका लेक ट्राउट सोडायला मनाई आहे, कारण तो कटथ्रोटला खातो. दोन्हींतला फरक परवाना घेतानाच समजून घ्या. हवा भरायची छोटी होडीसुद्धा परवाना आणि तपासणीशिवाय पाण्यात उतरवू नका. सरोवराचे पाणी ऐन उन्हाळ्यातही इतके थंड असते की पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांत आखडतात, त्यामुळे पोहण्याचा बेत नको.

चालण्यासाठी स्टॉर्म पॉइंटची साधारण अडीच मैलांची वाट ज्येष्ठांनाही जमते. अस्वलांच्या वावरामुळे ती उन्हाळ्याच्या सुरुवातीला बंद असते. पेलिकन खोरेही ३ जुलैपर्यंत बंद असते. निघण्याआधी संग्रहालयातील रेंजरना विचारा, तीन-चार जण मिळून चला आणि बोलत चला.

११. निघायच्या सकाळी

आदल्या रात्रीच ब्लॅक टाकी कितपत भरली आहे हे पाहून ठेवा. सकाळी ब्लॅक, मग ग्रे, मग नळी धुऊन बंद खणात. त्यानंतर पाणी, आणि वीज सर्वांत शेवटी. स्लाइड-आउट आत, पाचरी काढलेल्या, छतावरच्या झडपा बंद, पायरी आत ओढलेली. कपाटांच्या कड्या एकाने लावाव्यात आणि दुसऱ्याने हाताने ओढून तपासाव्यात, कारण पहिल्याच वळणाला डब्यांचा संच खाली येतो. गाडी दहा फूट पुढे घेऊन थांबा, खाली उतरा आणि मोकळ्या झालेल्या जागेवर एकदा चालून या : नळाला राहिलेला पितळी दाब-नियंत्रक आम्हाला दोन्ही खेपांना तेव्हाच दिसला.